कुत्र्याचं झबलं

प्रिय कुचुक,

चिडू नकोस. पाकिटावर अगदी सुवाच्य अक्षरात ‘अब्दुर्रहमान मोल्दो’ असंच लिहिलंय, तुझ्या मदरशातल्या पोरांसमोर तुझी शोभा व्हायची नाही. पण आतलं पत्र माझ्या भावाला आहे, आणि माझ्या भावाला आईनं कुत्र्याच्या पिल्लाचं नाव ठेवलंय त्याला मी काय करू? मोल्दो, मौलवी म्हणून हाक मारणारे तुला पुष्कळ आहेत, कुचुक म्हणणाऱ्या आम्ही दोघीच. आता बातमी ऐक. उभा असशील तर बस. तू मामा झालायस! मुलगी आहे. जिवंत आहे, दूध पिते, ढेकर देते आणि ओरडते तर अशी की काल शेजारच्या गोठ्यातली मेंढरं बावरली. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे. मी खूश आहे रे. इतकी खूश आहे की माझी मलाच भीती वाटते. येत्या शुक्रवारी तिचे चाळीस दिवस भरतात आणि तिला अजून नाव नाही. हे तेवढं लक्षात ठेव.

फोन का नाही केला, तर फोनवर मी दोन वाक्यं बोलणार, तिसऱ्याला तू ‘तौबा तौबा’ म्हणून ठेवून देणार. ही गोष्ट लांबलचक आहे आणि तिच्यात कुत्रा आहे, म्हणून पत्र. तुझ्या दाजीचा, एर्मेकचा चुलतभाऊ तोकमोकची मार्शरुत्का गाडी चालवतो, त्याच्या हाती पाठवतेय. तू पाकीट फोडून पहिलं पान वाचेपर्यंत हलायचं नाही असं त्याला बजावलंय. त्याला चहा दे, बिचारा पहाटेचा निघालेला असतो.

तुला आधी कळवलं नाही याचा राग आला असेल. कुणालाच कळवलं नव्हतं. मी दवाखान्यात लस टोचणारी बाई, अख्ख्या गावाची पोरं माझ्या मांडीवर रडून गेलेली, तरी पांढऱ्या कोटाखाली मी पोट दडवून ठेवलं. बायकांना कळलं होतं, बायकांना कळतंच, पण एकीनंही तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आठव्यातच कळा सुरू झाल्या. एर्मेकनं शेजाऱ्याची गाडी काढली आणि काराकोलच्या इस्पितळापर्यंत अशी हाणली की प्रत्येक खड्ड्याला मी ओरडत होते आणि तो ‘आलंच, आलंच’ म्हणत रडत होता. माझ्या वाटचंही तोच रडला म्हण ना. पोर बाहेर आली ती लगेच रडली नाही. मी याच कामात आहे, कुचुक, तो वेळ किती लांबतो ते मला ठाऊक आहे. मग मांजरीच्या पिल्लासारखं काहीतरी ऐकू आलं. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी घातली, आणि मी रोज पेटीच्या भोकातून हात घालून तिचा पाय धरून बसायची. डॉक्टरीणबाई रोज सकाळी यायची, बघायची आणि म्हणायची, ‘आज आहे.’ उद्याचं काही बोलायची नाही. मला तिचं ते बोलणं आवडायला लागलं होतं. परवा तिनं पेटीचं झाकण उघडलं, पोरीला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, आता हिचा आवाज आम्हाला सहन होत नाही, घेऊन जा घरी.

घरी येतो तो काय, दारात ही गर्दी! चाळीस दिवस बाहेरच्यांनी बाळंतिणीच्या खोलीत शिरायचं नाही, म्हणून सगळ्याजणी खिडकीला चिकटलेल्या. कुणी कणकेचे बोर्सोक तळून आणलेले, कुणी जर्दाळूचा मुरंबा, कुणी नुसतीच हात हलवत. आणि आत डोकावून काय म्हणतात, तर काय हे ध्यान, नाक आहे का बटाटा. दुसरी म्हणते, चोरानं नेली तरी सकाळी आणून टाकेल. रिसकान काकूनं तर तीनदा थू थू केलं आणि म्हणाली की उभ्या आयुष्यात इतकी कुरूप पोर पाहिली नाही, आणि बोलता बोलता पदरात, म्हणजे त्या तिच्या फुलाफुलांच्या रुमालात, तोंड खुपसून रडायला लागली. मी आतून हसत होते. पोरीला चांगलं म्हणायची कुणाची छाती झाली नाही, यावरूनच समज ती किती चांगली आहे.

तेव्हा मला तू आठवलास. तू झालास तेव्हा मी शाळेत जायला लागले होते, मला सगळं लख्ख आठवतं. तुझ्याआधीचे दोघे भाऊ गेले होते. आई तुला बघायलासुद्धा घाबरत होती. याच रिसकान काकूनं तुला लांडग्याच्या जबड्याच्या हाडाखालून काढलं, खिडकीतून बाहेर घेतलं, चाळणीभर सातू देऊन ‘विकत’ घेतलं आणि गल्लीतून एक फेरी मारून दारातून परत आणलं, म्हणे आमच्या कुत्रीला एक पिल्लू जास्त झालंय, हवं असेल तर ठेवा. मरणाला वाटावं की या घरात माणसाचं पोर नाहीच. तुला पहिलं झबलं घातलं तेही आधी कुत्र्याच्या अंगाला लावून. आणि तू राहिलास. मग शाळेत पोरं तुझ्यामागे भुंकायची आणि तू त्यांना बदडून नाक फोडून यायचास, कधी त्यांचं, कधी स्वतःचं. मदरशात जाऊन तू अब्दुर्रहमान झालास तेव्हा आईला कोण अभिमान! पण पहिल्या सुट्टीत तू दोन मित्र घेऊन आलास आणि ती अंगणातून ‘कुचुऽऽक’ म्हणून ओरडली, तेव्हा तू आणि आपला कुत्रा दोघांनी एकदम मान वळवली होती. तुझे कान लाल झालेले मला अजून दिसतात.

आता अवघड भाग. तो ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमची पहिली तर श्वास न घेताच गेली. दुसरा, मुलगा, आठवडाभर राहिला. तो गेला तेव्हा त्याच्या मरणाची तीन कारणं घरात आली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं तयार नव्हती. आई म्हणाली, तू शिकलेली म्हणून कुत्र्याच्या झबल्याला नाही म्हटलंस, त्याचं हे फळ. आणि तू तोकमोकहून आलास, भेटायला आलेल्या माणसांसमोर पाळण्यावरचा लांडग्याचा जबडा काढलास, चुलीत टाकलास आणि म्हणालास, ‘या घरानं अल्लाला सोडून हाडांचा पहारा बसवला, म्हणून मूल गेलं.’ आई कणीक मळत होती. तिनं कणकेतले हात बाहेर काढले नाहीत. संध्याकाळच्या गाडीनं तू गेलास तो आजतागायत उंबऱ्यावर पाय ठेवला नाहीस. धाकट्या मुलानं आईपाशी राहायचं, ते राहिलं बाजूला, आई माझ्याकडे राहायला आली आणि गावाला चघळायला विषय मिळाला. तरी ईदला तुझा फोन यायचा आणि आई तो घ्यायची. थंडी किती, गहू कसा, एवढंच बोलायची, पण घ्यायची. अलीकडे तोही घेत नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

यावेळी दिवस राहिले तेव्हा मी मनाशी ठरवलं की आता उसनं काही मानायचं नाही. आई म्हणते म्हणून नाही, तू म्हणतोस म्हणून नाही आणि दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलंय म्हणूनही नाही. स्वतः जाऊन बघायचं, आणि जे पटेल तेवढंच पदरी घ्यायचं. हसू नकोस! पस्तिशी उलटलेली, पोट पुढे आलेली बाई हे करायला निघाली आणि तिला मजा येत होती, अगदी शाळकरी पोरीसारखी. काराकोलच्या डॉक्टरीणबाईकडे गेले, तिनं दिलेली औषधं एकही न चुकवता घेतली. रिसकान काकूबरोबर डोंगरातल्या त्या झऱ्यावर गेले, जिथं झुडपांना चिंध्या बांधतात. चिंधी बांधली. झऱ्याचं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं. काकूनं तिच्या गेलेल्या पोरांची नावं घेतली आणि मग मीही मुलाचं नाव मोठ्यानं घेतलं. तीन वर्षांत ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं, आणि घरात घेऊही दिलं नसतं कुणी. झुडपात काही असेल नसेल, मला माहीत नाही. परत येताना मला सडकून भूक लागली एवढं माहीत आहे.

दर शुक्रवारी नव्या इमामाचं प्रवचनही ऐकत होते. मशीद दवाखान्याला लागून, कर्णा थेट माझ्या खिडकीवर. हा तुझ्याच मदरशातला, तुझ्या मागून शिकलेला. एकदा तो सांगत होता की ज्याची त्याची भाकरी अल्लानं आधीच मोजून ठेवलीय, दुसऱ्याच्या ताटात बघून ती वाढत नाही. मला फार बरं वाटलं. मग तो कुत्र्याच्या झबल्यावर घसरला, अडाणीपणा म्हणाला, आणि मी धाडकन खिडकी लावली. मग पुढे काय म्हणतोय ते ऐकू येईना म्हणून परत उघडली. हातात सुई घेतलेला एक आजोबा बघून मला हसत होता. म्हणजे सुई माझ्या हातात, आजोबा खुर्चीत. बघ, आनंदात मी वाक्यंसुद्धा उलटी लिहायला लागलेय.

आणि मग आई मला बालिकचीला घेऊन गेली, दाणे मांडणाऱ्या बाईकडे. तिचं नाव लांबलांबपर्यंत आहे म्हणे. तिनं फडक्यावर घेवड्याचे दाणे पसरले, ढिगाऱ्या केल्या, मधेच तिचा फोन वाजला तर बटाटे चढवायला सांगितले, पुन्हा ढिगाऱ्या केल्या आणि म्हणाली की जवळचा पुरुष आहे, दाढीवाला, घरात राहत नाही, त्यानं हिच्या कुशीला गाठ मारलीय. मी फसकन हसले. म्हटलं, बाई, दाढी राखून घराबाहेर राहणारे अर्ध्या देशात आहेत आणि उरलेले रशियात. पण आई हसली नाही.  उपाय विचारायलाही तीच वाकली. बाईनं सांगितलं, त्या माणसानं अंगात घातलेला एखादा कपडा आणा आणि पोर जन्मायच्या आत तिठ्यावर जाळा, गाठ सुटेल आणि तो माणूस परत या घराकडे फिरकणार नाही. तुझं नाव तिनं घेतलं नाही, आईनं घेतलं नाही, मी घेतलं नाही. पण आम्हा दोघींनाही कळलं होतं की ते दाणे कुणाविषयी बोलतायत.

मला काय मानायचं ते त्या परतीच्या गाडीत समजलं, कुचुक. इतकं स्वच्छ समजलं की मी शेजारच्या अनोळखी बाईला सांगणार होते. जे मला माझ्याच माणसावर संशय घ्यायला लावतं ते खोटं. मग ते दाण्यांतून निघो, हाडातून निघो, नाहीतर कुणी किताबात बोट ठेवून दाखवो. आणि जे चार माणसांना माझ्या दारापर्यंत आणतं, मग ते बोर्सोक असोत, चिंध्या असोत की नमाज, त्याला मी नाही म्हणणार नाही. एवढाच माझा धर्म, रुमालाच्या टोकाला बांधून नेता येईल एवढा. भविष्य सांगणाऱ्यांकडे जाऊ नका असं तुम्ही लोक सांगता, ते शंभर टक्के बरोबर, तिथं मी तुझ्या बाजूची. पण तुलाही एक सांगते, आणि ते तुला लागेल. लागू दे. त्या दिवशी चुलीपाशी उभा राहून तूही दाणेच मांडलेस. बालिकचीच्या बाईनं आईला तुझ्याकडे बोट दाखवलं आणि तू सगळ्यांसमोर आईकडे. मधे मेलेलं मूल तेच.

घरी आल्यापासून आई बदलली. फोनवर तुझं नाव दिसलं की ती अंगणात निघून जायची, कोंबड्यांना दाणे टाकल्याचं सोंग करत, टाकलेले असले तरी. एर्मेक घ्यायचा आणि काहीतरी बनवून सांगायचा. मग एक दिवस मी तिच्या पेटीतली चादर काढायला गेले तर तुझा पांढरा लांब सदरा तिथं नव्हता. तोच, जो तू त्या संध्याकाळी खुंटीवर विसरून गेलास आणि जो ती दर वसंतात उन्हात घालून परत घडी करून ठेवायची. माझी विचारायची हिंमत झाली नाही. थोड्या दिवसांनी तिठ्यावर राख दिसली. दवाखान्यात जाता जाता मी ती चपलेनं उकरली. टायरची तार निघाली. पण म्हणून काय झालं? तिठा काय एकच आहे गावात? पोटातल्या पोरीपेक्षा मला त्या सदऱ्याचीच काळजी लागून राहिली होती, हे तुला खरं वाटणार नाही. तो जळला असता तर आईनं तुला मनातून काढून टाकलं असतं आणि मला ते जन्मभर माहीत असतं.

आता कालचं ऐक. मला हसू आवरत नाहीये, पोर उठेल. काल आईनं गाठोड्यातून कुत्र्याचं झबलं काढलं. मी काकाच्या पेटीपाशी, छे, काचेच्या पेटीपाशी बसले होते तेव्हा तिनं ते घरी एकटीनं शिवलं होतं. एवढंसं, पांढरं, कडा न दुमडलेलं. यावेळी मी नाही म्हणणार नव्हते, पण अट घातली की आधी कुत्रा, मग उकळतं पाणी, मग इस्त्री आणि मग पोरगी. आई म्हणाली, उकळल्यावर त्यात कुत्रा राहील का? मी म्हटलं, उकळूनही राहील तोच खरा. तिला ते पटलं, म्हणजे तिनं नाक मुरडलं, पण पटलं. आता हे करतात लहान पिल्लावर, आणि आपल्याकडे आहे आक्तोश, वासराएवढा. एर्मेकनं त्याच्यापुढे मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा गोळा धरला, आईनं झबलं त्याच्या डोक्यातून घातलं. तिला हल्ली नीट दिसत नाही, बाहीचं तोंड तिनं गळा समजून ओढलं. आक्तोशनं चरबी गिळली आणि एका डोळ्यावर झबलं, एक पाय बाहीत, अशा थाटात उघड्या फाटकातून जो सुटला! त्याच्यामागे एर्मेक, एर्मेकमागे हातात डाव घेतलेली आई आणि सगळ्यांच्या मागे मी, चाळीस दिवस उंबरा न ओलांडायची बाळंतीण, डोक्याला रुमाल नाही, पायात एर्मेकच्या सपाता. पोरीला रिसकान काकूच्या मांडीवर टाकून आले होते.

दुकानावरून तो वळला तो थेट मशिदीपुढे, आणि तेव्हाच दुपारची नमाज सुटत होती. म्हातारे पायऱ्यांवर थबकले. एकजण म्हणाला, इमामसाहेब, तुमच्या प्रवचनाचं उत्तर आलं बघा, अंगात घालून. सगळे हसले. मला वाटलं झालं, आता इथं सगळ्यांसमोर झबल्यावर दुसरं प्रवचन होणार. पण त्या पोरसवदा इमामानं खिशातून बोर्सोक काढला, उकिडवा बसला आणि आक्तोशला ‘ये, ये’ केलं. कुत्रा गेला की त्याच्याकडे! त्यानं दोन्ही हातांनी त्याला मिठीत धरलं, आक्तोशनं त्याची दाढी चाटून ओली केली, तरी सोडला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला की ताई, लवकर काढून घ्या आणि घरी जा, सरोवरावरून वारा सुटलाय. मग नळाशी जाऊन हात, तोंड, दाढी धुवत बसला, पुन्हा पुन्हा, पण ते नंतर. तुमच्या मदरशात चांगलं शिकवतात हो, मोल्दो.

झबलं ओढून काढताना ते उलटं झालं आणि आतल्या बाजूला मला निळ्या दोऱ्याची शिवण दिसली. माझी शिवण. तू पहिल्यांदा मदरशाला निघालास त्या सकाळी तुझ्या नव्या सदऱ्याची बाजू उसवली होती, घरात पांढरा दोरा संपलेला, म्हणून मी निळा वापरला आणि तू ‘पोरं हसतील’ म्हणून कुरकुरलास, आठवतं? मी तशीच रस्त्यात उभी राहिले. आई धापा टाकत आली आणि कुत्रा राहिला बाजूला, मलाच ओरडायला लागली, की ओली बाळंतीण तू, रस्त्यावर आलीस कशी, कळतं का काही. मी तिच्यापुढे ती शिवण धरली.  ती तिथंच दुकानाच्या बाकावर बसली, डाव मांडीवर घेऊन, आणि मला म्हणाली, ‘जाळायलाच काढला होता. काडीसुद्धा ओढली. मग म्हटलं, माझ्या या एकाच पोराच्या मागे मरण लागलं आणि हात हलवत परत गेलं. त्याच्या अंगचा कपडा माझ्या नातीला नाही घालायचा, तर कुणाचा घालायचा? आणि ज्याचा कपडा राखण करतो, तो गाठ कशी मारेल?’

मी म्हटलं, आणि मी काय मेले होते, माझा कपडा का नाही चालला? तर म्हणते, तुझ्याकडे मरणानं कधी ढुंकूनही पाहिलं नाही, तुझ्या कपड्याचा काय उपयोग. अशी आहे तुझी आई. आम्ही दोघी त्या बाकावर बसून हसत होतो आणि रडत होतो, आणि दुकानदारानं दोन कप चहा आणून ठेवला. घरी येऊन मी झबलं उकळलं, इस्त्री केली आणि पोरीला घातलं. आत्ता ते तिच्या अंगात आहे. गळा जरा मोठा झालाय, कुत्र्यानं ताणल्यामुळे. ती झोपेत ओठ चोखतेय, आणि मी बघते तेव्हा तिची छाती वरखाली होत असते, आणि मी दर ओळीनंतर बघते.

आता हे पत्र कशासाठी ते. काल संध्याकाळी मी आईला विचारलं, शुक्रवारी पोरीच्या कानात अजान देऊन नाव कुणी सांगायचं. म्हटलं, इमाम चांगला आहे, लगेच येईल. आईनं पाळणा हलवायचा थांबवला आणि म्हणाली, ‘का? मामा नाही का तिला?’ कुचुक, सहा महिने तुझं नाव टाळणारी ती, तिनं आपण होऊन तुला बोलवायचं काढलं. तुला वाटत असेल आई तुझ्यावर रागावलीय, म्हणून फोन घेत नाही. रागावली असती तर मी हे लिहिलंच नसतं, आईचा राग काय, एका चहात उतरतो. ती तुला भीत होती रे. आपली आई, तुला. ज्याला तिनं खिडकीतून बाहेर देऊन, कुत्र्याचं पिल्लू म्हणवून मरणापासून चोरलं, त्यालाच. काल ती भीती गेली, मी माझ्या डोळ्यांनी जाताना पाहिली. पण मी तिला ओळखते, आणि इतक्या लहान पोरींनाही ओळखते. उद्या हिला साधी सर्दी झाली, एक दिवस दूध ओढलं नाही, की आईच्या मनात ते दाणे परत मांडले जातील, आणि मग ती कुणाचं ऐकायची नाही. तुला माझ्यासारखं मानायला सांगत नाहीये. झबल्याला हात लावू नकोस, चिंध्यांकडे बघू नकोस, अजान दे, तुला आवडेल ते नाव ठेव, आईच्या हातचं जेव आणि तुझ्या अल्लाला माझं काय चुकतं ते सावकाश सांग. फक्त शुक्रवारच्या आत ये. तिला परत तुझी भीती वाटायच्या आत ये.

दार उघडं ठेवून बसलेली, तुझीच बहीण,
कुंदुज